शेतरक्षणाची बंदूक, काडतुसं आणि बारूद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की माझ्या ओसरीवर माणसं यायला लागतात. कोणाच्या हातात सातबारा असतो, कोणाच्या हातात वडिलांच्या नावावरचा जुना परवाना, आणि अलीकडे पोरांच्या मोबाइलमध्ये घरच्या घरी काडतूस भरणाऱ्या परदेशी माणसाचा व्हिडिओ. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. आजोबांची भरमार होती, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद ठासायची बंदूक, बाबांची भरमार होती, आता माझ्याकडे काडतुसाची एकनळी बाराबोर आहे. मी वकील नाही. पण गेली अनेक वर्षं गावातल्या लोकांचे परवान्याचे अर्ज भरून देतो, त्यांच्यासोबत कचेरीत जातो, आणि बंदुकीने माणसाचं काय होतं तेही घरात पाहिलेलं आहे. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

भाऊ, बारूद कुठी भेटते? आन् चांगली कोणती?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त काळजीही याचीच वाटते. बारूद ही युरियासारखी कृषी केंद्रातून आणायची वस्तू नाही. तुमच्या परवान्यावर जे शस्त्र लिहिलं आहे आणि त्याच्यासाठी जो दारूगोळा, जेवढा लिहिला आहे, तेवढाच परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यायचा. विक्रेता तुमच्या परवान्यावर नोंद करतो, त्याच्या वहीत नोंद करतो. ज्या खरेदीची अशी नोंद होत नाही, ती खरेदी करू नका.

आता ‘चांगली कोणती’. गावातली माणसं बारूद चिमटीत घेतात, बोटावर घासतात, थोडी विस्तवावर टाकून ‘जोरात आहे’ म्हणतात. माझे मोठे बाबाही असंच करायचे. उघड्यावर ती कशी भडकते यावरून नळीत बंद झाल्यावर ती काय करेल हे कळत नाही. बारुदीचा जोर रंगावरून ओळखता येत नाही, वासावरून येत नाही, दाणा नुसता पाहूनही येत नाही. दोन डब्यांतल्या सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दाण्यांपैकी एक तुमच्या भरमारीत नीट चालेल आणि दुसरी तीच नळी फाडेल. म्हणून ज्या डब्यावर कारखान्याचं नाव, प्रकार आणि बॅच नाही, ती बारूद चांगली की वाईट हा प्रश्नच उरत नाही. ती घ्यायचीच नाही. माझं स्पष्ट मत विचाराल तर शेतकऱ्याने बारुदीच्या नादाला लागूच नये. कारखान्यात भरलेलं काडतूस आणि ते चालवणारी बाराबोर, एवढंच आपल्या कामाचं आहे.

काळी बारूद आणि बिनधुराची बारूद यात फरक काय?

जमीन अस्मानाचा. काळी बारूद म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. शेकडो वर्षं हीच एक बारूद जगात होती. ती पेटते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनरूपातच राहतो. त्यातला थोडा पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर येतो, उरलेला नळीत काजळी होऊन बसतो. ती काजळी हवेतलं पाणी ओढून घेते. भादव्यात भरमार उडवून तशीच भिंतीला टेकवून ठेवली की दोन दिवसांत नळीत तांबेरा दिसतो तो त्यामुळेच. बाबा रात्री कितीही थकून आले तरी चुलीवर पाणी गरम करून नळी धुवायचे, मग कोरड्या चिंधीने पुसायचे आणि शेवटी तेलाचा बोळा फिरवायचे. झोपलो तरी गजाचा तो खर्र खर्र आवाज मला ऐकू यायचा.

बिनधुराची बारूद १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल या रसायनशास्त्रज्ञाने बनवली. ती मिश्रण नाही. कापसातल्या सेल्युलोजवर आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज होतं, त्यापासून ती बनते. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असतं. आपण पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावणारी माणसं, त्यामुळे हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण बोंडातला कापूस आणि ही बारूद यांच्या मध्ये एक मोठा कारखाना, तपासणीची प्रयोगशाळा आणि बरेच अपघात होऊन शिकलेले नियम उभे आहेत. ही बारूद तेवढ्याच वजनात काळीपेक्षा कितीतरी जास्त वायू देते, आणि कोंडली गेली की दाब वाढतो तशी ती अधिकाधिक वेगाने जळते. दाब वाढला म्हणून वेग वाढतो, वेग वाढला म्हणून दाब वाढतो. काळीच्या हिशोबाने बनवलेली भरमारीची नळी हा दाब सोसूच शकत नाही.

म्हणून हे पाठ करून ठेवा: भरमारीत, म्हणजे ठासणीच्या बंदुकीत, बिनधुराची बारूद कधीच नाही. चिमूटभर नाही, काळीत मिसळून नाही, काडतूस फोडून काढलेली तर मुळीच नाही.

बंदूक फुटते म्हणजे नेमकं काय होतं?

माझ्या मोठ्या बाबांच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांच्या मांडीवर बसून तो हात हातात घेऊन पाहायचो. तळव्याच्या चामडीखाली काळे निळे ठिपके होते, गोंदल्यासारखे. ते बारुदीचे कण, कायमचे आत राहिलेले. त्या वर्षी भरमारीची काळी बारूद संपली होती. कोणीतरी त्यांना काडतुसातून काढलेली करडी बारूद आणून दिली आणि ‘ही जास्त कडक आहे, थोडीच घाला’ असं सांगितलं. त्यांनी थोडीच घातली. रात्री दीडच्या सुमारास पऱ्हाटीत डुकरं शिरली. चाप ओढला तशी नळी मुळाशी, अगदी डावा हात धरतो तिथे, केळीच्या सालीसारखी उलगडली. बैलगाडीतून पांढरकवड्याला पोचेपर्यंत उजाडलं.

बंदूक फुटते ती बहुतेक तीन कारणांनी. चुकीची किंवा जास्त बारूद, हे पहिलं. नळीत काहीतरी अडकलेलं असणं, हे दुसरं: चिखल, कुंभारमाशीचं घर, आधीच्या वेळी अर्धवट अडकलेला गोळा. मचाणावर ठेवलेल्या बंदुकीत कुंभारमाशी घर करतेच, म्हणून रोज संध्याकाळी बंदूक रिकामी करून उजेडाकडे धरून आरपार बघायचं. तिसरं कारण म्हणजे जुनी, आतून गंजून पातळ झालेली नळी. वरून ती चकचकीत असली तरी.

व्हिडिओत लोक घरी पिस्तुलाची काडतुसं भरतात, तेही जास्त वेगाची. आपल्याकडे का नाही?

हा पोरांचा प्रश्न. रागावून उडवून लावण्यापेक्षा नीट सांगितलेलं बरं.

अमेरिकेत तो कायदेशीर छंद आहे. तिथे डब्याडब्यांत, कारखान्याने जोर तपासलेली बारूद दुकानात मिळते आणि तिच्यासोबत तपासलेली कोष्टकं मिळतात. प्रत्येक प्रकारची बारूद किती वेगाने जळते हे तिच्या दाण्याचा आकार, जाडी आणि दाण्यावरचा लेप यावर ठरवलेलं असतं. आखूड नळीच्या पिस्तुलाला चटकन जळणारी लागते, लांब नळीच्या रायफलीला सावकाश जळणारी. एकाच्या जागी दुसरी वापरली की अपघात. जे लोक हे वर्षानुवर्षं करतात तेही कोष्टकाच्या बाहेर जात नाहीत, आणि तरीही तिथे शस्त्रं फुटतात, हे व्हिडिओत दाखवत नाहीत.

‘जास्त वेग’ म्हणजे फुकटचा वेग नसतो, त्यामागे दाब असतो. अमेरिकी उत्पादकांच्या मानकानुसार नेहमीच्या बाराबोर काडतुसात दाबाची कमाल मर्यादा एका चौरस इंचावर ११,५०० पौंड. पॉइंट बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरला, ज्याचे परवाने आपल्याकडे मिळतात, ती १५,००० आहे. नऊ मिलिमीटर पिस्तुलाला ३५,०००. तुमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात याच मापाने वीसपेक्षा कमी हवा असते, आणि ते चाक फुटलं तर माणूस दूर फेकला जातो. हा ३५,००० चा दाब तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात तयार होतो. तो घरगुती तराजूच्या भरवशावर सोडायचा का, एवढाच प्रश्न मी पोरांना विचारतो.

आणि कायदा. नऊ मिलिमीटर हे आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. परवाना नसताना शस्त्र किंवा दारूगोळा बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ चा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. शेतातल्या डुकरासाठी पिस्तूल कोणत्याही प्रकारे उपयोगाचं नाही, हे वेगळंच.

उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून देणारे लोक आहेत. स्वस्तात पडतं. घ्यावं का?

नाही. त्या काडतुसात कोणती बारूद आहे हे ना त्याला माहीत, ना तुम्हाला. पुंगळी एकदा उडली की तिचं तोंड सैल होतं, बूड ताणलं जातं. स्वस्तातल्या काडतुसांमुळे दोन घरं उद्ध्वस्त होतात, भरणाऱ्याचं आणि विकत घेणाऱ्याचं. बेकायदा दारूगोळा जवळ सापडला तर तुमचा चांगला परवानाही जातो.

स्फोटक हाताळण्याचं काम किती अवघड आहे हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘पेसो’ या संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला बारूद बनते, भद्रावतीला दारूगोळा भरला जातो. २०१६ च्या मे महिन्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा किती जवान आणि अग्निशमनचे लोक गेले ते आपण पाहिलं. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला, किमान ८ कामगार गेले. ती शिकलेली माणसं होती, नियमांच्या चौकटीत काम करणारी. आपण स्वयंपाकघराच्या ओट्यावर हेच करायला बसायचं?

शेतरक्षणासाठी परवाना कोणाला मिळतो? काय कागद लागतात?

वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पण नागपूर आणि अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे. सातबारा, आठ-अ, ओळखीचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. त्यानंतर अर्ज पोलिसांच्या अहवालासाठी ठाण्यात जातो. बीट हवालदार घरी येईल, शेजारपाजाऱ्यांना विचारेल. भावकीत वाद सुरू असेल, दारूची तक्रार असेल, तर इथेच अडतं, आणि माझ्या मते अडायलाच पाहिजे.

अर्जासोबत एक गोष्ट आवर्जून लावा: मागच्या दोन-तीन हंगामांतले वनविभागाचे पीक नुकसानीचे पंचनामे. ‘रानडुकरांचा फार त्रास आहे’ असं नुसतं लिहिलं की तो कागद इतर शंभर कागदांसारखाच. पंचनामा जोडला की तुमच्या वावराचा पुरावा समोर असतो.

लोकांना माहीत नसलेली शस्त्र अधिनियमातली तीन कलमं सांगतो. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या शेतरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ठासणीची पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर त्याच कलमात २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. मी सगळ्यांना हेच मागायला सांगतो, म्हणजे बारुदीचा डबा घरात येतच नाही. दुसरं, कलम १४: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. तीन एकरवाल्याने ‘आपल्याले कोण देते’ म्हणून घरी बसू नये. तिसरं, नकार दिला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि लोकहिताची अडचण नसेल तर तुम्ही मागितल्यावर ती थोडक्यात लेखी द्यावी लागतात. त्या नकारावर कलम १८ खाली ३० दिवसांत अपील होतं. तोंडी ‘होत नाही’ ऐकून परत येऊ नका, आदेशाची प्रत मागा.

परवाना आता ५ वर्षांसाठी असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधी द्या.

आमचं गाव अभयारण्याला लागून आहे. काही वेगळं आहे का?

आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वनविभागाकडे नोंदवावं लागतं, आणि त्या पट्ट्यात नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आधी घेतलेल्या संमतीशिवाय देता येत नाही. टिपेश्वर, पैनगंगा, ताडोबा, मेळघाट, बोर, पेंच, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला, काटेपूर्णा, ज्ञानगंगा, कारंजा-सोहोळ ही नावं पाहिली की विदर्भातली किती गावं या १० किलोमीटरात येतात ते कळेल. अर्ज वर्षभर अडकून पडण्याचं कारण बहुतेक वेळा ही संमतीच असते. वनविभागाकडे पाठपुरावा करा, नुसतं कलेक्टर कचेरीत जाऊन उपयोग नाही.

बंदूक घेऊन अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. पायवाट जंगलातून जवळची पडते म्हणून तिकडून जाऊ नका.

परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारता येतं ना?

इथेच सगळे फसतात. बंदुकीचा परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याची परवानगी. जनावर मारण्याची परवानगी हा वेगळा कागद आहे आणि तो वनविभागाचा आहे.

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हे दोन्ही वन्यप्राणी संरक्षित आहेत. उभ्या पिकाला धोका झाला म्हणून त्यांना मारण्याची लेखी परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ खाली मिळू शकते. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा. परवानगीत गट नंबर, मुदत आणि अटी असतात. त्या वावराच्या धुऱ्याबाहेर (बांधाबाहेर), त्या मुदतीनंतर ती लागू नाही. मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं, त्याची वर्दी द्यायची, परवानगीत लिहिलं असेल तशी विल्हेवाट लावायची. मांस वाटून घेतलं की शेतकरी शिकारी ठरतो.

काळवीट, मोर, बिबट, वाघ यांना शेतरक्षणाची परवानगी लागू नाही. ते त्याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, शिक्षा ३ ते ७ वर्षं. रात्री टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे कोणाचे आहेत हे पक्कं दिसत नसेल तर चापावर बोट नेऊ नका. पऱ्हाटीत बसून जागल करणारा शेजारी असू शकतो. असं झालेलं आहे.

आणि बहुतेक रात्री मारायची गरजच पडत नाही. मी वर्षभरात उडवलेल्या काडतुसांपैकी जवळजवळ सगळी कळपाला पळवून लावण्यासाठी, मोकळ्या पडीत जमिनीच्या बाजूला उडवलेली आहेत. हवेत सरळ वर नाही, कारण वर गेलेलं खाली येतं. सौर कुंपणाला श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे, ते आधी बघा. बंदूक एका वावरात एक माणूस जागा असेल तरच चालते. कुंपण सगळे झोपले तरी चालतं.

कोणतं काडतूस घ्यावं?

आधी तुमच्या नळीवरचा शिक्का वाचा. बाराबोरमध्येही काडतुसाच्या घराची लांबी वेगळी असते, जुन्या बंदुकांत ६५ मिलिमीटर, नव्यांत ७०. यात एक मोठी फसगत आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडल्यानंतर तोंड पूर्ण उघडलेल्या पुंगळीची असते. न उडलेलं ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात बसतं, झाकण लागतं, सगळं ठीक वाटतं. उडताना मात्र त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही, छर्ऱ्यांची वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो. आजोबांची जुनी दुनळी कोणी वापरत असेल तर त्यांनी हे पहिलं तपासावं. शिक्का पुसला असेल तर परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या.

छर्ऱ्यांच्या नंबराबद्दल विक्रेत्याशी बोला, त्याला परवानगीचा कागद दाखवा. खडकीच्या सरकारी कारखान्याची काडतुसं आपल्याकडे सगळीकडे चालतात. एकदा एका विक्रेत्याने मला पेटी न दाखवता सुटी काडतुसं कागदात गुंडाळून दिली होती. घरी येऊन पाहिलं तर दोन वेगळ्या लांबीची निघाली. दुसऱ्या दिवशी बस पकडून परत केली. तेव्हापासून बंद पेटी असेल तरच घेतो.

चाप ओढला आणि उडालीच नाही. काय करायचं?

काहीही करायचं नाही. तसंच थांबायचं, नळी जमिनीच्या किंवा मोकळ्या बाजूला, खांद्याला घट्ट. मनात साठ मोजायचे. कधी कधी बारूद उशिरा पेटते. घाईने उघडून बघणाऱ्याच्या तोंडावर उडालेली आहे. भरमार असेल तर आणखी वेळ थांबा, आणि नळीत डोकावून तर मुळीच पाहू नका.

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुस्स झालं, धक्का कमी बसला, तर ते जास्त धोक्याचं. नळीत काहीतरी अडकलं असणार. बंदूक रिकामी करा, आरपार बघा, आणि उजेड दिसत नसेल तर त्या रात्री ती बंदूक संपली असं समजा. दुसरं काडतूस घालून ‘ढकलून काढू’ असं करणाऱ्याची नळी फुटते.

पावसाळ्यात काडतुसं कशी ठेवायची?

कारखान्याच्या पेटीतच, कोरड्या जागी, कुलपात, बंदुकीपासून वेगळी. चुलीजवळ नाही, टिनाच्या छपराखालच्या माळ्यावरही नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो, टिनाखाली तर त्याहून जास्त, आणि उष्णतेने बिनधुराची बारूद हळूहळू बिघडते. फवारणीच्या औषधांसोबत, खतांसोबत ठेवू नका. भिजलेली, फुगलेली, बुडाला हिरवट डाग पडलेली काडतुसं उन्हात वाळवून वापरायची नाहीत. ती बाजूला काढा आणि विक्रेत्याला विचारून जमा करा.

किल्ली एकाच माणसाकडे. घरात लेकरं आहेत.

कणकेचे गोळे ठेवले तर? बंदुकीचा खर्चच नको.

गोळा म्हणजे आत बारूद आणि वरून कणीक किंवा मांस. चावला की फुटतो. आमच्या शेजाऱ्याची गाय चरता चरता असा एक गोळा चावली. मी तिथे होतो. तिचा खालचा जबडा उरलाच नव्हता, आणि ती मेली नव्हती. उभी होती, पाणी प्यायला हौदाकडे जात होती आणि पिता येत नव्हतं. डॉक्टर येईपर्यंत चार तास ती त्या हौदापाशी उभी होती. गोळा कोणी ठेवला ते सगळ्यांना माहीत होतं.

त्यावर स्फोटकांचा कायदा लागतो, वन्यजीवांचा लागतो, प्राण्यांवरच्या क्रूरतेचा लागतो. कुंपणात चोरून करंट सोडण्याचंही तेच. त्यात माणसं गेली, वाघही गेले. माझ्या ओसरीवर याबद्दल विचारणाऱ्याला मी चहा देतो, आणि ती गाय कशी उभी होती ते सांगतो.

बाबा थकले. परवाना माझ्या नावावर होईल का?

होतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये तशी सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो ते वारसाला देण्यासाठी अर्ज करू शकतो. बाबा हयात असतानाच हे करून घ्या. त्यांची सही, त्यांचा जबाब, सगळं सोपं जातं.

परवानाधारक वारला तर बंदूक लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. तेरवी होऊ द्या, मग बघू, असं करत लोक सहा महिने काढतात. तोपर्यंत ते विनापरवाना शस्त्र असतं, आणि त्याची शिक्षा २ ते ५ वर्षं आहे. निवडणुकीच्या वेळी जमा करायची नोटीस आली तरी तसंच, जमा करा, पावती जपून ठेवा.

लग्नात दोन बार काढले तर?

नाही. २०१९ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जुन्या घरात माळ्यावर बारुदीचा डबा सापडला. फेकून देऊ का?

फेकू नका, जाळू नका, नाल्यात टाकू नका, शेणखताच्या खड्ड्यात पुरू नका. उघडूही नका. कोरडी राहिलेली काळी बारूद पन्नास वर्षांनीही तेवढीच पेटते. बिनधुराची जुनी झाली की तिला आंबट उग्र वास येतो, डब्याला आतून तांबडा गंज चढतो, आणि ती आपोआपही तापू शकते.

आमच्याच घरी झालं. बाबा गेल्यावर जुनं घर उतरवायला घेतलं तेव्हा कवेलूंच्या खाली, मधल्या वाशाला टांगलेला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. झाकणाला मेण लावलेलं. बाबांचंच काम ते, पाण्यापासून वाचवायला. मजूर त्याला पहारीने उचकटायला निघाला होता. मी त्याला खाली उतरवलं, लेकरांना आणि बायकांना शेजारच्या घरी पाठवलं, बिड्या विझवल्या, वीज बंद केली आणि ठाण्यात फोन केला. डबा जिथे होता तिथेच राहू दिला. परवाना बाबांच्या नावावर होता, त्याची प्रत आणि बंदूक जमा केल्याची पावती माझ्याजवळ होती, ती दाखवली. यवतमाळहून पथक आलं. त्यांनी हातमोजे घालून डबा खाली घेतला, ओल्या वाळूच्या बादलीत ठेवला, गाडीत घातला. पंचनाम्यावर माझी सही घेतली. झाकण मी शेवटपर्यंत उघडलं नाही, आत किती होती ते मला आजही माहीत नाही. दुपारी घर उतरवायचं काम पुन्हा सुरू झालं.